नत्थूजीच्या आवाजाचा भोंगा

मी भोंगा बोलून राहिलो. दचकू नका, बटन कोणी दाबलं नाही.

जरीपटक्याच्या बाजारातून मले एका भाजीवाल्यानं आणलं. माह्यात एकदा बोललं का मी दिवसभर तेच वरडतो. ठेला पुढच्या गल्लीत गेला तरी माहं "आलू घ्या, वांगे घ्या" मागंच घुमे. बाया थैल्या घेऊन खाली येत आन रिकामा रस्ता पाहत. लय मजा येये.

मंग कुहीकडच्या नत्थूजीनं मले जुन्यात घेतलं. धानाची लोंबी भरली का रानडुकरायचा कळप वावरात घुसे, खाये कमी आन तुडवे जास्त. नत्थूजी माह्यात वरडला, "हुर्रर! आलो बे, थांब!" मले वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, बांबूले टांगलं. डुकरं पळाली. माह्यात आवाज एकच मावते. नवा भरला का जुना पुसल्या जाते.

मागच्या साली ऐन लोंबीत नत्थूजी गेला. मी त्याच्याच गळ्यानं वरडत राहिलो. तेरवीच्या पंगतीत वावराकडून आवाज आला, "आलो बे, थांब!" साऱ्यायचे घास हातातच राहिले.

त्याची बायको इंदुताई रोज सांजच्याला धुऱ्यावर येऊन बसे. मले म्हणे, "घसा सुकला असन जी, पुरे आता."

यंदा डुकरायचं भेव गेलं. तोच आवाज, तीच जागा. त्यायले समजलं का ह्या आवाजाले पाय नाही. एक मोठं डुक्कर तर माह्याच खाली उभं राहून धान खाये आन मधातच वर पाहे. मलेच कसंतरी वाटे.

सून सोनिका गावच्या बायायसंग ठरवून आली. एकानं हाकललं का डुकरं शेजाऱ्याच्या धानात जाते, म्हणून साऱ्यायनं मिळून राखायचं. भोंग्यायचे आवाज आन जागा बदलत राहायच्या, पुढं मिळून सोलरचं कुंपण घालायचं. आपल्याच भोंग्यात जुना आवाज राहिला तर डुकरं इथूनच साऱ्यायच्या वावरात शिरतीन, म्हणे.

इंदुताईनं माह्यावरची धूळ पदरानं पुसली. "ह्यायचा आवाज दुसरा कुठं आहे वं?"

"नाही आई," सोनिका म्हणाली. "धानबी दुसरं नाही."

इंदुताईनं मले मांडीवर घेतलं. एकदा आयकलं, अजून एकदा आयकलं. मंग बटन दाबून वरडली, "निघा बे! मी आहो इथं."

त्या सांजच्याला चारी बाजूनं बाया, बुढे, पोट्टे वरडत होते, आन शिवारात माणूस एकबी नव्हता. डुकरं जे पळाली ते पळालीच.

धान घरी आलं. आता मी खुटीले आहो, बॅटरी काढून ठेवली. काल चुलीपासून इंदुताई सहज बोलून गेली, "जेवता का जी?"

"वाढ," नत्थूजीच्या गळ्यानं आवाज आला.

तिनं माह्याकडं पाहून हासून दिलं आन ताट वाढलं.

बाबाहो, म्या जलमभर खोड्या केल्या, पण हे खोडी माही नोहे. तिले मात्र सांगू नका.