वरदाची सही

गुरुवार, २९ ऑगस्ट २०१९, सकाळचे दहा. लंडनमधल्या स्टॅनमोरच्या वैशंपायनांच्या घरी बँकेचा ईमेल आला. सुनीती वैशंपायन या नावाचे कोणतेही कर्ज आमच्या नोंदींत आढळत नाही, सबब आपली तक्रार बंद करत आहोत, असा त्याचा मजकूर होता.

कर्जाबरोबर चुकीने विकलेल्या विम्याबद्दल देशभरात तक्रार करण्याची शेवटची तारीख तीच होती.

ईमेल मुलीने वाचला. देविका मेडनहेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. सोमवारी गणपती बसायचे होते, म्हणून सुट्टी काढून ती आईवडिलांकडे आली होती. तक्रारही तिनेच जूनमध्ये ऑनलाइन केली होती.

"आई, बँक म्हणतो तुझा अकाउंटच नाहीये."

"असं कसं नाही? पाच वर्षं हप्ते भरलेत मी," सुनीती म्हणाल्या. त्या स्वयंपाकघरात मोदकांचे सारण परतत होत्या. तिथल्या मराठी मंडळाच्या मोदकांची जबाबदारी दरवर्षी त्यांच्याकडे असते. ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेली फ्रोझन खोबऱ्याची पाकिटे ओट्यावर वितळत होती.

बैठकीच्या खोलीतून आवाज आला, "सही करण्याआधी वाचायचं असतं."

हे डॉ. चंद्रशेखर वैशंपायन, सुनीतींचे पती, निवृत्त भूलतज्ज्ञ. हे वाक्य ते बावीस वर्षे म्हणत आले आहेत. वॉशिंग मशीनची वॉरंटी घेताना, लायब्ररीचे कार्ड काढताना, पार्सलवाल्याच्या यंत्रावर बोटाने सही करतानासुद्धा. देविकाला लहानपणी वाटायचे, की ही एखादी प्रार्थना असावी.

वाक्याची सुरुवात अशी झाली. सुनीती १९९५ साली डबे करायच्या. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या मराठी डॉक्टरांना पोळी-भाजी, आमटी-भात, आणि गुरुवारी बटाटेवडे. डबे वाढले तेव्हा त्यांनी जुनी व्हॅन आणि मोठा फ्रीझर घेण्यासाठी बँकेकडून चार हजार पौंडांचे कर्ज काढले. बँकेतल्या माणसाने कर्जाबरोबर हप्त्यांचा विमाही दिला. आजारी पडलात, काम थांबले, तर हप्ते विमा कंपनी भरेल, असे तो म्हणाला. हाच तो पीपीआय, म्हणजे पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स. पुढे त्यावरून देशातल्या बँकांना अब्जावधी पौंड परत करावे लागले, कारण ज्यांना तो लागूच होत नव्हता अशा लाखो लोकांच्या गळ्यात तो मारला गेला होता.

दोन वर्षांनी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये बर्फावरून घसरून सुनीतींचे मनगट मोडले. डबे तीन महिने बंद राहिले. त्यांनी विमा मागितला. उत्तर आले, की ही पॉलिसी पगारी नोकरांसाठी आहे, स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी नाही. त्या महिन्यांचे हप्ते चंद्रशेखरांनी भरले, आणि उत्तर आले त्या संध्याकाळी जेवताना ते वाक्य पहिल्यांदा उच्चारले.

सुनीतींना बँकेकडून पैसे हवे होते, नाही असे नाही. पण जूनमध्ये त्यांनी देविकाला स्पष्ट सांगितले होते, "मला त्यांच्याकडून लेखी पाहिजे. चूक माझी नव्हती, असं. आणि ते तुझ्या बाबांनी वाचलं पाहिजे. मोठ्याने."

ईमेल आल्यावर देविकाने बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावला. लाइन तुंबली होती. ताटकळणाऱ्यांना ऐकवतात ते संगीत स्पीकरवर सुरू झाले आणि सुरूच राहिले. देविकाने पत्ता तपासला. वेम्बलीचा जुना फ्लॅट, बरोबर. जन्मतारीख बरोबर.

"आई, तू नक्की याच बँकेतून घेतला होतास ना?"

"घेतलं होतंस. कर्ज ते. हो, याच."

"मग नाव का नाही सापडत?"

सुनीतींनी गॅस बारीक केला. चंद्रशेखर हातात पेपर घेऊन दारात येऊन उभे राहिले.

"वरदाला विचारा," ते म्हणाले.

"अहो!"

"कोण वरदा?" देविकाने विचारले. "पुण्याची आजी तुला वरदा म्हणायची ना? लाडाने?"

"लाडाने कुठलं," सुनीती म्हणाल्या. "लग्नात ठेवलेलं नाव. आमच्यात ठेवायचे तसं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नाव लिहायचं. आजीने ठरवलं, यांनी लिहिलं. मला कोणी विचारलं नाही. पासपोर्ट त्याच नावाने, बँक त्याच नावाने."

"हँग ऑन. तुला कोणी दुसरं नाव दिलं आणि तू ओके म्हणालीस?"

"मी बावीस वर्षांची होते. पंगत वाट बघत होती."

"आणि परत सुनीती कधी झालीस?"

"ते तुझ्या आईला विचार," चंद्रशेखर म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हते. "त्या विम्याचं उत्तर आलं ना, त्यानंतर हिने जाहीर केलं, की न वाचता सही केली ती वरदाने. सुनीतीने केली नसती. आणि पुढच्याच वर्षी सॉलिसिटरकडे जाऊन नाव बदलून आली. सगळा मूर्खपणा वरदाच्या नावावर टाकून मोकळी!"

"मग? टाकायचा कोणाच्या नावावर?" सुनीती म्हणाल्या. "तुम्हीच लिहिलं होतंत ना ते नाव? सांभाळा आता."

देविका हसता हसता खुर्चीवर बसली. मग तिला घड्याळ दिसले आणि ती उठली. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत याचा पुरावा हवा होता. सुनीतींना तो कागद कुठे आहे ते आठवेना. चंद्रशेखरांना माहीत होते. घरातले कागद तेच ठेवतात. ते जिना चढून गेले, आणि लगेचच नाव बदलल्याचा डीड पोल आणि लग्नाचा अल्बम घेऊन खाली आले.

डीड पोल टेबलावर ठेवण्याआधी ते क्षणभर थांबले. "यात माझंच नुकसान आहे, कळतंय ना? बावीस वर्षांचा डायलॉग जाईल माझा."

"ठेवा खाली," सुनीती म्हणाल्या.

अल्बममध्ये त्या ताटाचा फोटो होता. पांढऱ्या तांदळात ठळक अक्षरांत 'वरदा', आणि त्यावर झुकलेला मुंडावळ्या बांधलेला, मिशी असलेला चंद्रशेखर. देविकाने डीड पोलचा फोटो काढला आणि याचाही.

"हा पण पाठवते मी. एव्हिडन्स."

"काही नको! बँकेत सगळे माझी मिशी बघतील."

तेवढ्यात संगीत थांबले. पलीकडून केली नावाची मुलगी बोलू लागली. आवाज थकलेला होता, पण वागणे सभ्य होते. देविकाने अडचण सांगितली. केली म्हणाली, की तक्रार खातेदाराने स्वतः करायला हवी, आणि तेव्हाचे पूर्ण नाव स्वतः सांगायला हवे.

सुनीतींनी हात पुसले. सारण करपण्याच्या बेतात होते. त्यांनी सारणाकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले. मग फोनजवळ तोंड नेऊन इंग्रजीत म्हणाल्या, "माझं नाव वरदा चंद्रशेखर वैशंपायन."

एकवीस वर्षांत त्यांनी हे नाव स्वतःच्या तोंडाने घेतले नव्हते. कळफलकाचा आवाज आला. केली म्हणाली, "सापडलं. वेम्बलीचा पत्ता. कर्ज आणि त्यावर पीपीआय, दोन्ही."

देविकाने दोन्ही मुठी वर केल्या. केलीने पुढचा प्रश्न विचारला. विमा चुकीच्या पद्धतीने विकला गेला असे तुम्हाला का वाटते? तुमच्या शब्दांत सांगा.

सुनीती सांगू लागल्या. "त्यांनी मला विचारलं, काम काय करता. मी म्हणाले, घरी स्वयंपाक करते आणि डबे विकते. त्यांनी ते लिहून घेतलं. मी विचारलं, हा विमा मला चालेल का, माझी नोकरी नाही. ते म्हणाले, सगळ्यांना चालतो, आणि नाही घेतला तर कर्ज मिळणं अवघड जाईल. मी कागद वाचायला मागितला. ते म्हणाले, घरी गेल्यावर पोस्टाने येईल. तो सही केल्यावर आला."

चंद्रशेखर ओट्यापाशी गेले. त्यांनी उलथने उचलले आणि कढईला लागू पाहणारे सारण परतायला सुरुवात केली.

केलीने सगळे टिपून घेतले, तक्रारीचा क्रमांक दिला, डीड पोल कुठे पाठवायचा ते सांगितले, आणि दिवस चांगला जावो म्हणून फोन ठेवला.

"तू वाचायला मागितला होतास?" चंद्रशेखरांनी विचारले. ते कढईकडेच पाहत होते.

"हो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही वाक्य म्हणायचात."

ते थोडा वेळ परतत राहिले. मग म्हणाले, "गूळ कमी आहे."

"गूळ बरोबर आहे. खाली लागू देऊ नका."

देविका मध्ये पडली. "ओके, पैज लावूया. बँकेने चूक कबूल केली तर बाबा पूर्ण पत्र मोठ्याने वाचतील, उभं राहून. आणि तो डायलॉग बंद. फॉरएव्हर."

"आणि नाही केली तर?" चंद्रशेखरांनी विचारले.

"तर तुम्ही म्हणत राहा," सुनीती म्हणाल्या. "मी ऐकणार नाही. आत्ताही ऐकत नाहीच."

पैज ठरली. दुपारी तिघांनी मिळून सोमवारसाठी फ्रीझरमध्ये ठेवायचे मोदक वळले. चंद्रशेखरांच्या मोदकांना कळ्या पडेनात, म्हणून त्यांना मोदकपात्राकडे लक्ष द्यायला बसवले. त्यांनी ते काम ऑपरेशन थिएटरमध्ये बसल्यासारखे केले. दर थोड्या वेळाने झाकण उचलून ते म्हणत, "पेशंट स्थिर आहे."

शेवटच्या आठवड्यात आलेल्या तक्रारींचा ढीग एवढा होता, की बँकेचे उत्तर यायला पुढचा फेब्रुवारी उजाडला. शनिवार होता आणि देविका घरी होती. तक्रार मान्य झाली होती. सोबत दोन हजार एकशे चौदा पौंडांचा चेक होता.

सुनीतींनी पत्र स्वतः वाचले नाही. ते नवऱ्याच्या हातात दिले आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या.

चंद्रशेखर उभे राहिले. घसा साफ केला. "प्रिय मिसेस वरदा वैशंपायन," त्यांनी मोठ्याने वाचले आणि थांबले. त्यांनी पाकीट उलटून पाहिले. चेक पाहिला. तिन्हीवर वरदाच.

"पुढे," सुनीती म्हणाल्या.

"वाचलं असतं गं. पण हे तुझं नाही. दुसऱ्यांची पत्रं आपण वाचत नाही."

"बाबा! चीटिंग!"

"चीटिंग कसलं? बँकेने वरदाची माफी मागितली आहे. सुनीतीने तर सहीच केली नव्हती. असं तीच म्हणते."

सुनीतींनी पत्र हिसकावून घेतले आणि वाचले. 'ही पॉलिसी आपल्यासाठी योग्य नव्हती, आणि हे आम्ही आपल्याला विकताना सांगायला हवे होते. याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' त्यांनी ते दोनदा वाचले. मग त्या एवढ्या हसल्या, की डोळे पुसायला पदराऐवजी किचन टॉवेल घ्यावा लागला. पण पैज सोडली नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी बँकेला लिहिले, की माफी मान्य आहे, फक्त ती योग्य व्यक्तीच्या नावाने द्यावी, चेकसह.

मध्ये लॉकडाउन आला. वरदाच्या नावाचा चेक फ्रीजच्या दारावर गणपतीच्या मॅग्नेटखाली राहिला. वरदाचे खाते आता कुठेच नसल्याने तो वटणार नव्हता, आणि सहा महिन्यांनी तो तसाही बाद होणार होता. या काळात चंद्रशेखरांनी आपले वाक्य अर्धेच म्हणायला सुरुवात केली. किराणा घरपोच घेऊन येणाऱ्याने पावती पुढे केली, की ते म्हणायचे, "सही करण्याआधी..." आणि बायकोकडे बघून गप्प बसायचे. सुनीती म्हणत, की ही प्रगती आहे, पण निकाल नाही.

गेल्या शनिवारी सकाळी बँकेचे नवे पाकीट आले. पाकिटावर नाव सुनीती वैशंपायन असे आहे. आत चेक आहे की नुसते पत्र, माफी आहे की आणखी एक क्रमांक, हे कळलेले नाही, कारण सुनीतींनी ते न उघडताच नवऱ्याच्या हातात दिले. देविका व्हिडिओ कॉलवर होती. चंद्रशेखर उभे राहिले आणि म्हणाले, की चष्म्याशिवाय वाचता येणार नाही.

शेवटची माहिती मिळाली तेव्हा चष्मा सापडलेला नव्हता.