पुष्पचक्राची ऑर्डर

मुलुंडच्या नलिनीकाकूंच्या फुलांच्या दुकानाच्या वेबसाइटवर मी स्वस्तातली शॉपिंग कार्ट बसवली. ऑर्डरनंतरचा मेसेजही मीच लिहिला: 'धन्यवाद, पुन्हा लवकर या.' वीस खोट्या ऑर्डरी देऊन तपासलं, सगळ्या गुलाबांच्या.

पहिली खरी ऑर्डर समोरच्या सुबोधकाकांची आली. त्यांची आई गेली होती. पुष्पचक्र हवं होतं. त्यांनाही तोच मेसेज गेला.

काकू म्हणाल्या, "बीएस्सी ना रे तू? मयताची फुलं देताना कुणी 'या' म्हणतं?"

काकू ती फुलं नेहमी न बोलता देत. मी कारण कधी विचारलंच नव्हतं.

पुष्पचक्र मीच पोचवलं. सुबोधकाका म्हणाले, "मेसेज कंपनीचा असेल ना?"

"नाही काका. मी लिहिला."

सवयीने ओठांवर आलेलं 'येतो' गिळून मी जिना उतरलो.