अंबुबाईंच्या हातचा नारळ

ज्या प्रसंगाच्या स्मरणाने माझे अंतःकरण आजही धगधगते, तो १९७४ सालच्या खंडेनवमीस घडला. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले आहे. मी सोलापुरातील एका कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम, असून प्रादेशिक सेनेत नाईकही आहे. युद्ध सुरू झाले म्हणजे सरकार आम्हांस पाचारण करते आणि युद्ध संपले म्हणजे आम्ही पुनश्च मागावर उभे राहतो.

आमच्या तालमीतील सहा विद्यार्थी आणि प्रादेशिक सेनेतील आम्ही चार जवान यांनी हिमाचल प्रदेशातील एक बर्फाळ खिंड ओलांडण्याचा संकल्प सोडला होता. उसाच्या रसात घालतात तो वगळता आमच्यापैकी कोणी बर्फ पाहिलेला नव्हता. तथापि दोन उन्हाळे आम्ही सह्याद्रीच्या कड्यांवर हातांची सालटी काढून घेतली होती. दोर आणि बर्फाच्या कुऱ्हाडी पुण्याच्या एका गिर्यारोहक मंडळाने उसन्या दिल्या. दिवाळीपर्यंत खिंड उघडी असते, असे त्यांनीच कळविले. उणीव होती ती केवळ द्रव्याची.

त्या द्रव्यासाठी मी जे उंबरे झिजविले, त्यांचे वर्णन करताना लेखणी थरथरते. सात रस्ता चौकाजवळच्या एका कचेरीतील साहेबांनी अर्ज वाचून विचारले, "तुम्ही विद्यार्थी की सैनिक?"

"दोन्ही आहेत, साहेब."

"मग दोन्हींकडून मिळणार नाही. विद्यार्थ्यांचं खातं वेगळं, सैनिकांचं वेगळं. मिसळ खायची तर हॉटेलात जा."

लष्कराकडून उत्तर आले की, रजेवरील जवानांच्या सहलीस अनुदान देण्याची तरतूद नाही. सहल! एका धर्मादाय संस्थेच्या कारकुनाने तर चष्मा कपाळावर सारून माझी उलटतपासणीच घेतली.

"डोंगरावर जाऊन करणार काय?"

"चढणार."

"आणि मग?"

"उतरणार."

"मग जाताच कशाला? खालीच बसा की!"

सारी कचेरी हसली. अन्नछत्रास, गोशाळेस, धर्मशाळेस दान मिळते; परंतु तरुणांच्या छातीत धैर्य उत्पन्न व्हावे यासाठी या नगरीत दमडीही मिळत नाही, हे पाहून मला विलक्षण संताप आला.

अखेरीस एका सूत व्यापाऱ्याच्या धर्मादाय निधीने आमचा अर्ज मान्य केला. निधीच्या अध्यक्षांना अवघा बाजार आण्णा म्हणतो. खंडेनवमीस आण्णा सपत्नीक तालमीत येतील, साहित्याचे दर्शन घेतील आणि धनादेश देतील, असे ठरले. दुसऱ्या दिवशी, दसऱ्यास, आम्ही गाडीत बसणार होतो.

आता खंडेनवमीची आमच्याकडील रीत सांगणे अगत्याचे आहे. त्या दिवशी गिरणीत मागांची पूजा होते आणि ज्या हाताने त्या मागावर वर्षभर काम केले, त्याच हाताने नारळ वाढविला जातो. मालक असो वा मॅनेजर, तो बाजूस उभा राहतो. तालमीतही आम्ही हीच रीत पाळतो.

आमच्या साहित्यावर सर्वांत अधिक हात फिरला होता तो अंबुबाईंचा. गिरणीतून नापास होऊन आलेल्या ताडपत्रीच्या दहा पाठपिशव्या त्यांनी दाभणाने शिवल्या होत्या. त्यांचे यजमान कुंडलिक माझ्याच तुकडीत होते. एकाहत्तरच्या युद्धात रेल्वेच्या पुलावर पहारा देत असता ते कामी आले. त्यांचा मुलगा धोंडीराम आमच्या पथकात सर्वांत पुढे चढणारा.

खंडेनवमीस सकाळी दोर, कुऱ्हाडी आणि पाठपिशव्या मांडून त्यांवर झेंडूची फुले वाहिली. मी नारळ अंबुबाईंपुढे धरला. त्या दोन पावले मागे सरल्या.

"मला नगं, भावजी. दुसरी कुनी बाय बगा की."

"वहिनी, ज्याच्या हातचं काम, त्याच्या हातचा नारळ. पिशव्या दुसऱ्या बाईनं शिवल्या का?"

"लोक काय म्हनत्याल?"

"लोकांनी काय शिवलं ते मला दाखवा."

तालमीतला हरिबा माझ्याकडे पाहून ओरडला, "फोडा वो काकू! न्हायतर महिपतीदादा भाषान सुरू करतील!"

त्या हसल्या. पदर खोचून त्यांनी एकाच घावात नारळाची दोन शकले केली. खोबरे पांढरेशुभ्र निघाले. आणि त्याच क्षणी माझी दृष्टी दाराकडे गेली. आण्णा उंबरठ्यापाशी थबकले होते. त्यांनी आत पाऊल टाकले नाही. बोटाने खुणावून मला बाहेर नेले.

"महिपती, ही बाई कोण?"

मी अभिमानाने सांगितले.

"म्हणजे विधवा." आण्णांनी आवाज खाली आणला. "अहो, तुम्ही लिहिता-वाचताय, एवढं कळत नाही? पोरं जिवावरच्या कामाला निघालीत. उद्या कुणाचा पाय घसरला, तर लोक निधीला बोल लावतील."

"आण्णा, नवरा देशासाठी गेलाय त्यांचा."

"त्याबद्दल मला आदरच आहे. पुढच्या सभेत वीरपत्नी म्हणून सत्कार करू, स्टेजवर बसवू, चांगलं लुगडं देऊ. पण शुभकार्याचा नारळ नको. आमच्या सौभाग्यवती मथुराबाई मोटारीत बसल्यात. दुसरा नारळ आणा, त्यांच्या हातून नव्यानं पूजा होऊ दे. धनादेश माझ्या खिशातच आहे."

वाचकहो, मी आपणांस विचारतो. ज्या हातास व्यासपीठावर लुगडे चालते, त्या हातास दोरापुढे नारळ का चालू नये? हा कोणता आदर? हे सर्व मला त्याच क्षणी बोलावयाचे होते. परंतु मी मान डोलावून आत वळलो, कारण खिडकीतून प्रवासास सज्ज अशा दहा पिशव्या दिसत होत्या.

मी आत येऊन सांगितले. हरिबाने डोके खाजविले. "दोन नारळ फोडल्यानं काय बिगडतंय वो, दादा? खोबरंच जास्त व्हईल."

आमच्या जवानांपैकी एक म्हणाला, "आधी बर्फ बगू. भांडान आल्यावर करू की."

अंबुबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी सारे ऐकले होते. "फोडू द्या त्यास्नी," त्या म्हणाल्या. "मला काय वाटत न्हाय."

आण्णा पत्नीस घेऊन आत आले. मथुराबाईंच्या हातात नवा नारळ देण्यात आला. बिचाऱ्या खाली मान घालून उभ्या होत्या. तेव्हा धोंडीराम पुढे झाला. तो एकेक पाठपिशवी उचलून दाराबाहेर ठेवू लागला.

"अरे, हे काय करतोस?" आण्णांनी विचारले.

"पूजा नव्यानं हाय न्हवं?" धोंडीराम म्हणाला. "मग माज्या आईचा हात लागलेलं काय बी हितं नगं. समद्या पिशव्या तिनंच शिवल्यात. दोराच्या टोकाचा टाका बी तिचाच हाय, त्यो बी उसवतो. आन् मी बी तिचाच हाय. मी बी भाईर जातो. मग ऱ्हाईल त्येच्यावर फोडा तुमी नारळ."

पिशव्या बाहेर गेल्या. मागोमाग तो गेला. हरिबा क्षणभर घुटमळला आणि तोही गेला. मग एकामागून एक सारे गेले. आत झेंडूची फुले, उसन्या कुऱ्हाडी आणि आण्णा, मथुराबाई, अंबुबाई व मी असे चौघे उरलो.

"महिपती, हा उद्धटपणा तुमच्या शिकवणीचा आहे," आण्णा म्हणाले.

"व्हय आण्णा," मी म्हणालो. रागाच्या भरात माझी शुद्ध भाषा गळून पडली. "आन् मला त्येचा लई अभिमान हाय."

मोटार निघून गेली, धनादेशही गेला. आता अंबुबाई धन्य होतील, त्यांच्या नेत्रांत अश्रू येतील, अशी माझी कल्पना. परंतु त्यांनी पायातली वहाण काढायचीच काय ती बाकी ठेवली.

"कुनी सांगितलं व्हतं तुमास्नी?" त्या माझ्यावर आणि मुलावर कडाडल्या. "मी फोडू द्या म्हनलं न्हवतं का? त्या शेठनं मला इचारलं न्हाय, आन् तुमी तरी कुटं इचारलं? त्यो म्हनतो बाय अशुभ, तुमी म्हनताय बाय थोर. मी मदी बाभळीगत उबी! माज्या नावानं भांडून पोरांची गाडी घालवली. आता बगा बर्फ, तालमीच्या हौदात!"

मी खाली वाकून पिशव्या पुन्हा आत आणू लागलो. आण्णांवरील माझा क्रोध यत्किंचितही शमला नसून, त्यात स्वतःवरील क्रोधाची भर तेवढी पडली.

त्या वर्षी खिंड बर्फाने बंद झाली आणि आम्ही येथेच राहिलो. दिवाळी सरल्यावर मी पुढील वर्षासाठी नवा अर्ज लिहावयास तालमीत बसलो. अंबुबाई जवळच पिशव्यांचे पट्टे बळकट करीत होत्या. या खेपेस मी प्रथम त्यांना विचारले, "वहिनी, नारळाचं काय करायचं?"

दाभण थांबले. "मीच फोडनार. आन् त्ये आदीच लिवा. ज्याला चालत न्हाय त्येनं सवताचा येळ घालवू ने, आपला बी घालवू ने."

मी अर्जाच्या शेवटी, विनंती आणि आभार यांच्या खाली, अत्यंत नम्र भाषेत लिहिले की, मोहिमेच्या साहित्यपूजनाचा नारळ श्रीमती अंबुबाई या विधवा भगिनी वाढवितील. लिहून मोठ्याने वाचून दाखविले.

"कुटं लिवलं?"

"शेवटी."

"शेवटापातूर कोन वाचतंय, भावजी? वर घाला."

मी तो कागद फाडला, नवा घेतला आणि तेच वाक्य प्रारंभी लिहिले.