माठाशेजारचं स्टूल

बंटीचं नाव ठेवलं तेव्हा, म्हणजे २००५च्या मार्चात, नातवाचे पेढे वाटून कमळाबाई शाळेच्या व्हरांड्यात माठाशेजारी स्टुलावर बसली होती आणि आत महेंद्र सर नववीला सांगत होते, "एका ग्लासातलं पाणी प्यायल्यानं एड्स होत नाही. लिहून घ्या."

कमळाबाई शाळेची शिपाई. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, माठ भरायचा. अक्षरं तिला याच स्टुलावर आली, चाळिशी उलटल्यावर, पाचवीतल्या कच्च्या पोरांबरोबर बाराखडी घोकून. तेव्हापासून दारातून ऐकू येणारा एकही धडा तिनं सोडला नव्हता, मग डोळे उघडे असोत की मिटलेले.

त्या दुपारी ते मिटत होते. माळावरून मोहाच्या फुलांचा गोड, जड वास येत होता. सरांचा आवाज त्या वासात विरघळत गेला आणि ती सहा-सात वर्षांची झाली. माहेरच्या विहिरीवर ओंजळ धरून उभी. वर कुणाचा तरी हात, हातात कळशी, पाण्याची धार लांबून उतरतेय. ओंजळीत आभाळ हलतंय. पाणी आभाळातूनच येतं, असं तेव्हा तिला वाटायचं. हात कुणाचा, ते कधी दिसलंच नाही.

तास संपायच्या बेताला ती दचकून जागी झाली आणि घंटेकडे धावली.

हा धडा सर ठाण्याला दोन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन शिकून आले होते. चाचणीत त्या प्रश्नाला अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी. पण माठ चार दिवस भरलेलाच. एरवी तो दिवसातून दोनदा भरावा लागे. नववीतल्या रविनाचा बाप चांगो हायवेवर ट्रक चालवायचा. तो याच रोगानं घरी पडून आहे, ही बातमी पाड्यावरून शाळेत आली होती. रविना पाणी प्यायली की माठाला कुणी हात लावत नव्हतं. पोरं उन्हात लांबच्या हापशावर पळत होती.

"बाई, मी उद्यापास्न येनार नाय," मधल्या सुट्टीत रविना म्हणाली. हातात अर्धा ग्लास तसाच होता. "आयेसंगं इटांच्या भट्टीवर जानार."

"का गो?"

"माज्यामुलं समदी तानेली राहतात."

कमळाबाईनं तिच्या हातातला ग्लास घेतला आणि समोरून येणाऱ्या महेंद्र सरांपुढे धरला.

"सर, प्या."

सरांनी ग्लासाकडे पाहिलं, रविनाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मी घरून बाटली आणतो, बाई. तुम्हाला ठाऊक आहे."

"धडा तुमीच शिकवलात ना? दारात बसून आयकलाय मी."

"अहो, शिकवायचं ते शिकवलं ना," म्हणत सर ऑफिसात गेले.

पोरं जमली होती. कमळाबाईनं ग्लास उंच धरून पाणी वरून ओतलं नाही. काठाला ओठ लावले आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

"बाई, तुमी मरनार!" रविनाच्या वर्गातला हनुमान ओरडला.

"मरेन की. पन तू धावी पास होईस्तवर नाय, म्हंजे लय वर्षं हायेत." पोरं हसली. मग ती रविनाकडे वळली. "तू रोज येऊन बघ. मेले तर जा भट्टीवर."

घरी ही बातमी तिच्या आधी पोचली. सून पौर्णिमा उंबऱ्यातच म्हणाली, "आई, बंटीला आता घेऊ नका. तान्हं पोर हाये."

कमळाबाईनं पाळण्याची दोरी लांब करून घेतली आणि दाराशी बसून तिथूनच ओढत राहिली. झोका जायचा, यायचा. बंटीची इवलीशी मूठ वर दिसायची, परत बुडायची.

शाळेत मात्र रोज सकाळी घंटा दिली की ती नववीच्या दारात उभी राहायची.

"आज पन नाय मेले."

वर्ग हसायचा. रविना आधी मान खाली घालायची. पुढे पुढे कमळाबाईला उशीर झाला तर तीच दाराकडे बघत राहायची.

असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी हापसा बिघडला. कबड्डी खेळून घामेजलेला हनुमान हापशाला शिव्या घालत माठाशी आला. रविनानं नुकताच ठेवलेला ग्लास त्यानं घेतला, भरला, डोळे मिटून प्यायला. डोळे उघडून म्हणाला, "गार हाये रे."

त्या दुपारी कमळाबाईनं माठ दुसऱ्यांदा भरला.

महेंद्र सरांची बाटली त्यानंतरही टेबलावर दिसायची. पौर्णिमानं मात्र वैशाखात एका संध्याकाळी, चूल फुंकायचं निमित्त करून, बंटीला सासूच्या मांडीवर ठेवलं. चांगो त्याच पावसाळ्यात गेला. रविना दहावी झाली, मग नर्सिंगला लागली.

त्या ग्लासानंतर चार वर्षांनी कमळाबाई दम्यानं अंथरुणाला खिळली. रविना शहापुराहून यायची, उशाशी बसायची. एका सकाळी कमळाबाईनं पाणी मागितलं. घरात भावकी जमलेली. पौर्णिमानं तांब्या भरून आणला, क्षणभर थांबली आणि रविनाच्या हातात दिला.

"तूच पाज गो."

रविनानं तिची मान उचलून धरली आणि तांब्याचा काठ ओठांना टेकवला. कमळाबाईनं पाण्यावरून नजर उचलली आणि हात कुणाचा, ते नीट पाहून घेतलं.

७ मार्च २००९ रोजी, सकाळी नऊच्या सुमारास, कमळाबाई सापगावात आपल्या घरी वारली. वय साठ.