बारदान वजा करून

भिकुबाईचं सासर शहाद्याच्या अलीकडे, माहेर प्रकाशाला, तापीच्या काठी. मध्ये एसटीचा जेमतेम अर्धा तास आणि दोन्ही अंगांना केळीच्या बागा. एवढासा रस्ता, पण तीन साल झाले, माहेरची आखाजी काही तिच्या वाट्याला आली नव्हती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातली लेक माहेरी जाते. दारात पाण्याची घागर भरायची, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, पुरणपोळी आमरसात बुडवून खायची आणि दुपारभर लिंबाच्या झोक्यावर गाणी म्हणायची. साठी उलटली म्हणून लेक काही लेक राहायची थांबत नाही. भिकुबाईची थोरली बहीण सोनीबाई पंच्याहत्तरीची, राहते सुरतेला. तीसुद्धा दर आखाजीला गुडघे चोळत, गाडीला शिव्या घालत प्रकाशाला येतेच. एका झोक्यावर दोघी बहिणी बसायच्या. एक ओळ हिची, एक तिची.

पहिली आखाजी हुकली ती भिकुबाईच्या किडन्या थकल्या म्हणून. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, शहाद्याच्या डायलिसिस सेंटरात चार तास मशीनला लागून पडणं नशिबी आलं. दुसऱ्या आखाजीला ती गेली, पण पोचलीच नाही म्हणायचं. माहेरचा गाव तो, दर घरी लेक आली लेक आली म्हणून पन्हं, सरबत, चहा, आमरसाची वाटी. नाही म्हटलं तर घरचं माणूस रुसतं. भिकुबाईनं कुणालाच रुसू दिलं नाही. सणाच्या सकाळी झोका बांधायच्या आधीच तिला अशी धाप लागली, की भाऊ भाईदासनं तिला जीपमध्ये घालून परत शहाद्याला आणलं. तिसऱ्या वर्षी मुलगा नवनीत म्हणाला, माहेर राहू दे, आधी माय राहू दे. आणि विषय मिटला.

नवनीत वाईट नव्हता, घाबरला होता. घाबरलेला माणूस सगळं स्वतः करू बघतो. गोळ्या तो देणार, रिपोर्ट तो धरणार, डॉक्टरांशी तो बोलणार. भिकुबाईनं फक्त हात पुढे करायचा. सुईसाठी एक, गोळीसाठी दुसरा.

हे बदललं ते नेहलमुळे. नेहल सेंटरातली टेक्निशियन, शहाद्याच्या केवलचंद शेठ धान्यवाल्यांची नात. लहानपण पोत्यांवर उड्या मारण्यात गेलेलं, त्यामुळे बोलणं मोकळं. एकदा मशीन लावता लावता तिनं विचारलं, की आजी, तुमचं कोरडं वजन किती ते ठाऊक आहे का? भिकुबाई म्हणाली, नवनीतला ठाऊक. नेहलनं कपाळाला हात लावला. मग सांगितलं: अंगात जास्तीचं पाणी नसतं तेव्हाचं वजन ते कोरडं. तुमचं अठ्ठेचाळीस. त्याच्यावर जे चढतं ते दोन डायलिसिसच्या मध्ये साठलेलं पाणी, आणि तेवढंच मशीन ओढून काढतं. फार साठलं की फार ओढावं लागतं, मग पिंढऱ्यांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते.

भिकुबाईचा उभा जन्म शेतात गेलेला. ओला कापूस आणि सुका कापूस यातला फरक तिला कुणी शिकवायला नको होता. हसून म्हणाली, म्हणजे मी ओली आले की तुम्ही मला वाळवता.

त्या दिवसापासून तिनं आपलं पाणी आपल्या हातात घेतलं. सकाळी मापून ठेवायची, त्यातच दिवस काढायचा. शेजारीण चहाला हाक मारी, तेव्हा ती जाई, बसे, गप्पा हाणी आणि कप पालथा घाली. पहिल्यांदा बायका रुसल्या, नंतर कप मांडायच्याच विसरल्या. ओसरीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घालायची, पण तोंडात टाकायची नाही. मीठ तहान वाढवतं हेही तिनं विचारून घेतलं होतं. दुपारचं ऊन असं, की कावळासुद्धा चोच उघडी ठेवून बसे. भिकुबाई लिंबाची फोड चोखायची, चूळ भरायची आणि गुणगुणत राहायची.

फाल्गुन सरता सरता तिनं नवनीतपुढे विषय काढला. या साली आखाजी बुधवारी. मंगळवारी डायलिसिस, तिथूनच प्रकाशाला जाईन, शुक्रवारी सकाळी परत मशीनवर हजर. नवनीतनं नाही म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. शेवटी त्यानं अट घातली: त्या मंगळवारपर्यंत ओळीनं चार वेळा वाढ दोन किलोच्या आत आली, तर जा. एकदाही वर गेली, तर पुढच्या वर्षी बघू. भिकुबाईनं अट घेतली. सोनीबाईला फोन लावून कळवलंसुद्धा. सुरतेहून सोनीबाई म्हणाली, पुढच्या वर्षाचं मला सांगू नको, माझे गुडघे या वर्षापुरतेच आहेत.

पहिली वाढ एक किलो नऊशे. दुसरी सतराशे. तिसरी पुन्हा एकोणीसशे, नवनीतनं काट्यावर दोनदा वाकून पाहिली.

आणि मंगळवार आला. भिकुबाई पहाटेच उठून सजली. माहेरी जायचं, तेही आखाजीला, तर अंगावर चांदी हवी. मोकळ्या पायांनी माहेरच्या उंबऱ्यात शिरणं तिच्या घरात कुणी केलं नव्हतं. पेटीतून आईचे तोडे काढले, जाडजूड, फिरकीचे. वर कमरपट्टा. निऱ्या खाली सोडल्या, पदर पोटावरून घेतला, की चांदी झाकली गेली. हिरवं लुगडं नेसून ती सेंटरात अशी आली, की बाजूच्या खाटेवरचे जगदीशभाऊ म्हणाले, मशीन आज तुमचं कुंकू लावून स्वागत करणार.

भिकुबाई चप्पल काढून काट्यावर चढली. नेहलनं आकडा वाचला आणि पुन्हा वाचला. पन्नास किलो आठशे. दोन किलो आठशेची वाढ.



"मी पिधं नही," भिकुबाई म्हणाली.

नवनीत ओरडला नाही, तेच वाईट होतं. हळूच म्हणाला, "माय, काटा खोटं बोलस का?" आणि मोबाइल काढून भाईदासमामाचा नंबर शोधू लागला, मामा जीप घेऊन निघायच्या आत त्याला थांबवायला हवं होतं. नेहलनंही नेहमीसारखी थट्टा केली नाही. उन्हाळा आहे, आजी, होतं असं, एवढंच म्हणाली आणि मशीनकडे वळली. दोन किलो आठशे काढायचं तर आकडा तसाच टाकावा लागणार होता.

भिकुबाई खाटेवर बसली. काल दिवसभराचं पाणी तिनं मनातल्या मनात पुन्हा पिऊन पाहिलं. सकाळची गोळी, दोन घोट. दुपारी भाकरीबरोबर चार. संध्याकाळी अर्धा कप चहा. कुठेच जास्तीचा घोट सापडेना. एरवी ती अशा वेळी डोळे मिटून घ्यायची, काटा शिकलेला, आपण अडाणी. पण तिची नजर खाली पायांकडे गेली. पाय कोरडे ठणठणीत होते. घोट्याचं हाड दिसत होतं. आणि तोडा, तीन वर्षांत सुजलेल्या पायात एकदाही न गेलेला तोडा, पाय हलवला की चांगला गोल फिरत होता.

"थांब व नेहल. आकडा टाकू नको."

नेहलचा हात बटणावरच थांबला.

"मन्हा पाय दख. तीन साल ह्या तोडा पायमा जात नव्हतात. आज सरकन गयात. आंगमा इतलं पानी ऱ्हातं तर जातात का?"

नेहल वाकली. बोटानं घोटा दाबला. खड्डा पडला नाही. तिनं तोड्याकडे पाहिलं, मग भिकुबाईकडे. भिकुबाईही आता तोड्याकडेच पाहत होती, आणि तिचा हात आपोआप कमरेवर गेला.

"तुन्हा आजा पोतं मोजस तवय बारदान वजा करस ना?" ती सावकाश म्हणाली. "मंग मन्हं बी कर."

बारदान म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन. केवलचंद शेठच्या नातीला ते समजवावं लागलं नाही. ती मटकन खाली बसली आणि फिरक्या सोडू लागली. तोडे निघाले, कमरपट्टा निघाला. नेहल स्वतःवरच चिडली होती. आजोबांनी पाहिलं असतं तर दुकानातून हाकलून दिलं असतं, असं पुटपुटत होती. भिकुबाई पुन्हा काट्यावर चढली. एकोणपन्नास किलो, आठशे पन्नास.

जगदीशभाऊंनी सुई नसलेला हात मांडीवर आपटून टाळी वाजवली. नवनीतनं फोन खिशात घातला आणि मान खाली घालून चांदी रुमालात बांधायला घेतली. गाठ त्याला नीट जमेना.

तेवढ्यात डॉक्टर फेरीला आले. नेहलनं झालेलं सांगितलं. चांदी ओळखली नसती तर जवळजवळ किलोभर पाणी जास्तीचं ओढलं गेलं असतं, हेही लपवलं नाही. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि सवयीनं नवनीतला विचारलं, "मग आज किती काढायचं?"

नवनीतनं मायकडे बोट केलं. "मायले इचारा, साहेब," तो म्हणाला.

डॉक्टर वळले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खाटेजवळचं स्टूल ओढलं.

"एक किलो आठशे पन्नास," भिकुबाई म्हणाली. "पण शेवटच्या तासाला माझ्या पिंढऱ्या ओढतात, साहेब. दर वेळी. जरा हळू काढता येईल का?"

हे आधी का नाही सांगितलं, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, मला वाटायचं ते मशीनबरोबरच येतं. मग त्यांनी अर्धा तास वाढवायला सांगितलं आणि प्रकाशाला काय खाणार, काय पिणार, ते तिच्याच तोंडून ऐकून घेतलं. आमरस दोन चमचे, डांगर फक्त बघायला, गोळ्या पदराच्या गाठीत, धाप लागली तर शुक्रवारची वाट न बघता थेट इथं. त्यांनी त्यात एकच भर घातली: लोणच्याची बरणी दिसली तर खोली बदलायची.

भाईदास वेळेवर आला आणि अर्धा तास जास्त बसावं लागलं म्हणून कुरकुरला. त्याला कुणी काही सांगितलं नाही. जीप केळीच्या बागांमधून निघाली तेव्हा नवनीत सेंटरच्या दारात उभा होता. काहीतरी सूचना देणार होता, पण नुसता हात हलवून आत गेला.

बुधवारी दुपारी लिंबाखाली दोघी बहिणी झोक्यावर बसल्या. सोनीबाईनं आधी धाकटीला नीट न्याहाळलं, गालावरून हात फिरवला, मग म्हणाली की तू वाळून बोंबील झालीस. भिकुबाई म्हणाली, त्याचसाठी तर येता आलं. वहिनीनं आमरसाची वाटी आणली. भिकुबाईनं दोन चमचे चाखले, डोळे मिटून, शेवटचा थेंब विरघळेपर्यंत, आणि वाटी सोनीबाईच्या मांडीवर ठेवली. सोनीबाईनं आजारी बहिणीचं मन मोडलं नाही. वाटी चाटून पुसून साफ केली. मग झोक्यानं वेग घेतला, वरच्या टोकाला तापी चमकली, आणि भिकुबाईनं सूर लावला:

आखाजीना झोका जास आभायले,
बहीन उनी व माय, बहीनले भेटाले.
तापीमाय, तुन्हं पानी दोन्ही काठ भरी,
मन्हा वाटाना घोट मी मोजीसन धरी.

गल्लीतल्या पोरी जमल्या. आणखी एक, आजी, आणखी एक. भिकुबाईनं जिभेनं ओठ चाचपले. गाण्यानं घसा सुकतो, आणि सुकल्या घशाला पाणी लागतं. हाही हिशेब तिचाच होता.

"आजना पानीमा इतलंच," ती म्हणाली. "सकायले दुसरं."

सोनीबाईला काही हे पटलं नाही. सुरतेपासून एका गाण्यासाठी आले का मी, म्हणत तिनं स्वतःच पुढची ओळ धरली, भलत्याच सुरात. पोरी खिदळल्या. भिकुबाईनं पायानं जमीन ढकलली आणि झोका पुन्हा वर नेला.