मोहाखाली वाजलेली पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. भजनातली हाताने भाता ओढायची पेटी तुम्ही पाहिली असेल. मी तिची थोरली बहीण. माझा भाता पायाने चालतो, आणि पाय दुमडून झाकण लावले की मी एखाद्या ट्रंकेएवढी दिसते.

माझा जन्म दूर नॉर्वे देशातला. तिथे इंगा नावाच्या मुलीला तिच्या आईने लग्नात मला भेट दिले. इंगाचे यजमान एरिक हे पाद्री. १९५३ साली ती दोघे आणि त्यांची छोटी सोल्वी चांदा जिल्ह्यात सेवेला निघाली, तेव्हा मीही निघाले. आगबोट झाली, मोठी रेल्वे झाली, नागभीडपर्यंत छोटी रेल्वे झाली, मग बैलबंडी. वैनगंगा ओलांडताना डोंगा चालवणाऱ्या कोलूने माझ्यावर हात थापटला.

"पाद्रीभाऊ, या डब्यात काय हाय?"

"गाणे आहे," एरिक म्हणाले.

"गानं एवढं जड रायते का?" कोलू म्हणाला, आणि डोंग्यातले सगळे हसले. इंगाबाईंना मात्र ते बोलणे कळले नाही. त्या हसणाऱ्या तोंडांकडे नुसत्या पाहत राहिल्या.

आरमोरीच्या पलीकडे जंगलालगत मोहटोला नावाचे गाव होते. तिथे कौलारू घर आणि त्याला लागून प्रार्थनेची पडवी, एवढाच आमचा संसार. एरिक आठ-आठ दिवस गावोगाव फिरत. घरी इंगाबाई, सोल्वी आणि मी. पत्र महिन्याकाठी एखादे यायचे. बाई पुस्तकातून शुद्ध मराठी शिकल्या होत्या, पण गावातल्या बाया विहिरीवर बोलत ती भाषा त्या पुस्तकात नव्हती. म्हणून त्या माझ्याशी बोलत. आईने शिकवलेली एकच चाल पुन्हापुन्हा वाजवत. मित्रांनो, माणूस एकटे असले की त्याच्या बोटांचा भार वेगळा लागतो. मला तो अजून आठवतो.

थंडीच्या दिवसांत दर रविवारी सकाळी दहा-बारा माणसे पडवीत येऊ लागली. खरे सांगायचे तर ती मलाच ऐकायला यायची. पण १९५४ सालचा फागुन सरत आला आणि एकेक माणूस गळू लागले. एका रविवारी चार, पुढच्या रविवारी एक, आणि येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या झावळ्यांच्या रविवारी कोणीच नाही. सोल्वी हातात शिंदीची झावळी धरून एकटीच पडवीभर फिरली.

त्या दुपारी इंगाबाई शांतपणे एरिकना म्हणाल्या, "आपण यांना नको आहोत. येत्या रविवारी, पुनरुत्थानाच्या दिवशीही कोणी आले नाही, तर मी सोल्वीला घेऊन घरी जाईन."

त्या सणासाठी चांद्याहून मनसाराम कीर्तनकार आले होते. ते शहरात वाढलेले गृहस्थ. डोक्याला फेटा, हातात चिपळ्या, आणि येशूची सुवार्ता सांगायची ती गाऊनच. माझा आणि त्यांचा सूर आदल्या संध्याकाळीच जुळला होता. सकाळी उजाडता उजाडता घंटा झाली. आम्ही वाट पाहिली. ऊन पडवीच्या उंबऱ्यापर्यंत आले. पडवी रिकामीच होती.

इंगाबाई उठल्या. त्यांनी माझे पाय दुमडले, झाकण लावले आणि पट्टा आवळला. माझ्या पोटात अंधार झाला. हा पट्टा आता नॉर्वेतच सुटणार, हे मी ओळखले.

तेवढ्यात दारात आवाज आला. शेजारची सुकरी टोपले काखेत घेऊन पाणी प्यायला थांबली होती.

"पेटी काऊन बांधून राह्यली, बाई? गावाले चालली का?"

"तुम्ही कोणीच प्रार्थनेला येत नाही," इंगाबाई म्हणाल्या. "आमचे काय चुकले?"

सुकरीने टोपले खाली ठेवले. "अवं बाई, मोहा पडून राह्यला ना. पहाटपासून नाई वेचला तं ढोरं खाऊन टाकतेत. सालभराचं पोट हाय ते. तुमची घंटा आयकू येते, पन हात कोनाचा रिकामा हाय?"

"मग हे सांगितले का नाही?"

"तुमी इचारलं कुठी? आमाले वाटलं, मोहा तं साऱ्या दुनियेत पडते."

मनसाराम चिपळ्या उचलत म्हणाले, "पाद्रीसाहेब, बंडी जुंपा. ते येत नसतील तर आपण जाऊ."

अशी मी मोहाखाली गेले. झाडाखाली बाया वाकून पिवळी रसाळ फुले वेचत होत्या. कोणी मान वर केली नाही. इंगाबाईंनी माझा पट्टा सोडला, भात्यावर पाय ठेवला आणि मनसारामांनी धोंड्याने बंद केलेल्या येशूच्या कबरीकडे पहाटे निघालेल्या बायांची कथा लावली:

*दवात निघाल्या बाया, पहाटेच्या पारी,*
*कोण लोटील धोंडा गं, कबरीच्या दारी?*

"चार जनी लागून लोटू ना!" सुकरी वाकल्या वाकल्याच बोलली. सगळे झाड हसले. मग एकीने धृपद उचलले, मग दुसरीने. हात फुलांवर आणि गळा माझ्या सुरावर. इंगाबाई वाजवता वाजवता हसल्या, कारण या वेळी त्यांना बोलणे कळले होते. एक मोहाचे फूल टपकन माझ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फटीत पडले. तेव्हापासून माझी एक पट्टी मुकी आहे.

पुढच्या रविवारपासून मोहाच्या दिवसांत प्रार्थना तिसऱ्या प्रहरी होऊ लागली. इंगाबाई राहिल्या. पुढे तीन वर्षांनी एरिकना हिवतापाने खंगवले आणि नॉर्वेहून परत बोलावणारे पत्र आले. बाईंनी मला मात्र सुकरीच्या हवाली केले. "हिला तुमची धृपदे ठाऊक आहेत," त्या म्हणाल्या. सोल्वीने माझ्या झाकणावर गाल टेकला. मग बंडी नदीकडे गेली.

सुकरी होती तोवर माझी धूळ झटकली जायची. आता मी पडवीच्या कोपऱ्यात आहे. वर चटया आहेत, त्यावर एक फुटकी बादली. उंदरांनी भाता कुरतडला आहे. फागुन सरला की मोहाचा गोड वास दाराखालून आत येतो आणि माझे सूर आतल्या आत हलतात.

मित्रांनो, तुमच्या गावात कोणी परका एकटा राहत असेल, तर त्याने विचारायची वाट पाहू नका, आपणच सांगा. आणि कुठे एखादी मिटलेली पेटी दिसली, तर तिच्या भात्यात दोन श्वास भरा. झाकण काही फार जड नाही. चार जणी लागल्या, तर सहज लोटतील.