नुसती बसणार

यमूचा बाप्तिस्मा होऊन सहा वर्षं झाली होती. दर रविवारी ती वाडीवरून तासभर आधी खर्डीच्या प्रार्थनागृहात यायची, फरशी झाडायची, सतरंज्या अंथरायची, पाण्याचा पिंप भरायची. उपासना सुरू झाली की लेकीला, सावळीला, घेऊन दाराजवळ बसायची. हे काम तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. देवाचं घर म्हणून ती करायची.

त्या नाताळला प्रार्थनागृहात सगळ्यांचं संगतीचं जेवण होतं. यमूने पहाटे उठून तांदळाच्या वीस भाकरी थापल्या आणि टोपली महिला मंडळाच्या रत्नाबाईंच्या हातात दिली. रत्नाबाईंचा नवरा भातसानगरला धरणावर नोकरीला. मंडळीत त्यांचा शब्द चालायचा. पंगती उठल्या, यमू भांडी घासायला मागे गेली, तर टोपली तिथे भिंतीशी पडलेली. फडकं बाजूला, आणि एक कुत्रं तोंड घालून भाकरी खात होतं.

"अगं, पुऱ्या होत्या ना भरपूर," रत्नाबाई म्हणाल्या. "वाढायच्या राहूनच गेल्या."

भांडी तशीच टाकून यमू सावळीला घेऊन घरी गेली. त्यानंतर ती आली नाही. आठवडाभर तापाने पडली, बरी झाली, तरी आली नाही.

चौथ्या रविवारनंतर उपासना चालवणारा पाळक सुरेंद्र आणि रत्नाबाई वाडीवर आले. यमू अंगणात लाकडं फोडत होती.

"काय गो यमू, विसरलीस आम्हाला?" रत्नाबाई हसून म्हणाल्या. "हॉलमध्ये बोटभर धूळ साचलीय. तुझ्यावाचून अगदी अडलंय बघ."

यमूने कुऱ्हाड खाली ठेवली.

"माझ्यावाचून नाय अडला. झाडूवाचून अडला."

"असं कसं बोलतेस?"

"मंग कसा बोलू? आठ दिस तापात व्हते. शेजारच्या गोजरनं पेज पाजली, ती तर तुमच्या देवाला मानीत पन नाय. तुमच्यातला एक मानूस आला? धूळ दिसली तवा आलात!" तिचा आवाज चढला. "पाळकसाहेब, तुमी सांगता ना, देवाच्या घरात समदी सारखी? माझे पोरीचा नाव सांगा. सहा वर्सं तुमच्या म्होरं बसते."

सुरेंद्रने दाराकडे पाहिलं. उंबऱ्यात दहा वर्षांची मुलगी उभी होती. त्याला नाव आठवेना. त्याचं तोंड उतरलं.

"एवढं चिडायला काय झालं?" रत्नाबाई म्हणाल्या.

"माझी भाकर कुत्र्याला घातलीत, आनि इचारता काय झाला?"

"रत्नाबाई, पुरे," सुरेंद्र म्हणाला. मग यमूकडे वळून तो म्हणाला, "चुकलं आमचं. तू ये. झाडायला नको, नुसती ये."

पुढच्या रविवारी यमू आली. उशिरा आली, आणि सावळीला घेऊन थेट पुढच्या सतरंजीवर जाऊन बसली. फरशी तशीच घाणेरडी होती. लोक एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी रत्नाबाई उठल्या आणि दातओठ खात झाडू मारू लागल्या. धूळ उडून सगळे खोकले. यमू जागची हलली नाही.

"आजची प्रार्थना यमूबाई करतील," सुरेंद्र म्हणाला.

"नाय," यमू म्हणाली. "आज मी नुसती बसनार."

सुरेंद्रने स्वतःच प्रार्थना केली, आणि त्याचे शब्द दोनदा अडखळले.

बुधवारी संध्याकाळी रत्नाबाई एकट्याच वाडीवर आल्या. रिक्षा वरपर्यंत जात नाही, त्यामुळे चढणीने दम लागला होता. बराच वेळ त्या उभ्याच होत्या.

"मला कोणी असं तोंडावर बोललं नव्हतं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस तुझा रागच येत होता. अजून येतोय."

"मला पन येतो," यमू म्हणाली.

तिने पाट सरकवला. रत्नाबाई बसल्या. यमू चुलीकडे तोंड करून चहाचं आधण ठेवू लागली, आणि भांडं तिने जरा जोरातच आपटलं.